रंगांचा कित्ता

आपल्या घरांत ‘कॉपी’ हा शब्द चांगल्या अर्थाने कधी येत नाही. परीक्षेच्या दिवसांत तो नुसता कानावर आला तरी आईबापांच्या पोटात गोळा येतो. पोरगा कॉपी करताना सापडला म्हणजे वर्ष गेले आणि वर चारचौघांत मान खाली. पण त्याच आईबापांनी त्याच पोराचा हात धरून पाटीवर ‘अ’ गिरवून घेतलेला असतो. बाईंनी काढलेल्या अक्षरावरून पेन्सिल दहा वेळा फिरवायची आणि अकराव्या वेळी खाली आपले स्वतःचे काढायचे, ह्याला आपण कॉपी म्हणत नाही, कित्ता म्हणतो. कित्ता न गिरवता कुणाचे अक्षर वळणदार झाल्याचे आम्ही तरी पाहिलेले नाही. आमची निम्मी हयात कारकुनीत गेली आहे, तेव्हा अक्षराबद्दल एवढे बोलण्याचा अधिकार आम्हाला असावा.

तैलचित्रातही असाच कित्ता असतो. जुन्या नामांकित उस्तादाचे एखादे चित्र समोर ठेवायचे आणि ते आपल्या कॅनव्हासवर जसेच्या तसे उतरवायचे. आमच्या वसाहतीतली एक मुलगी गेले आठ महिने हा कित्ता गिरवते आहे. वय तेवीस. सकाळी तयार कपड्यांच्या एका दुकानात हिशेब लिहिते, दुपारनंतर मोकळी असते. वडील सफाई खात्यातून निवृत्त झालेले, आई घरी शिवणकाम करते, घर दीड खोलीचे. नाव लिहीत नाही, कारण तिनेच नको म्हटले आहे.

पोरीचा हात पहिल्यापासून चांगला. चौदा एप्रिलचा बॅनर, विहाराच्या भिंतीवरचे कमळ, शाळेतल्या बाईंच्या निरोप समारंभाचा फलक, सगळे तिच्याकडेच. पण हे सगळे पोस्टर कलरमधले काम. मागच्या वर्षी शेजारच्या चाळीतल्या एका गृहस्थांनी आपल्या कालकथित आईचे तैलचित्र तिला सांगितले. पहिल्या स्मृतिदिनाला लावायचे होते. फोटो म्हणाल तर ओळखपत्रावरचा, समोरून फ्लॅश मारलेला, कान एक दिसतो एक नाही. पोरीने हौसेने तैलरंगांची पेटी आणली. त्या पेटीत एक ट्यूब होती, तिच्यावर लिहिलेले ‘फ्लेश टिंट’. म्हणजे कातडीचा रंग. ती ट्यूब पिळली की बाहेर काय येते? फिक्कट गुलाबी. आमच्या अख्ख्या वसाहतीत त्या रंगाचा माणूस शोधून सापडायचा नाही. तिने त्यात तपकिरी मिसळला, मग काळा मिसळला, मग घाबरून पांढरा मिसळला. शेवटी जे तयार झाले त्याला चिखल म्हणतात. त्यात आणखी ते गृहस्थ जाता जाता सांगून गेले होते, “आईला जरा उजळ करा बरं का.”

आमच्या ओळखीचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, त्यांच्याकडे आम्ही तिला घेऊन गेलो. सरांनी चिखल पाहिला आणि म्हणाले, “फोटोवरून रंग शिकता येत नाही. तिथला रंग मशीननं ठरवलेला असतो. आधी एखाद्या मोठ्या उस्तादाचं एक डोकं उतरव. त्यानं गणित सोडवून ठेवलेलं आहे, तू पायरी पायरीनं उलगडून बघ.” आणि कपाटातून एक जाडजूड चित्रांचे पुस्तक काढून तिच्या हातात दिले. आठवड्याने पोरगी पान उघडूनच आली. एवढ्या राजेरजवाड्यांत आणि गोऱ्या मडमांत तिला आपल्या रंगाचा माणूस हा एकच दिसला, म्हणून तोच घेतला, असे म्हणाली. चित्राखाली नाव होते हुआन दे पारेहा, आणि काढणारा वेलास्केस.

हा प्रकार तिच्या वडिलांना मुळीच पटला नाही. “परक्याचं चित्र बघून काढायचं, मग त्यात तुझं काय?” त्यांचा प्रश्न रास्त आहे. कष्टाच्या पैशातून रंग यायचे, तर तो विचारलाच पाहिजे.

आम्ही चित्रकार नव्हे. पण वाचनालयात बसून जे जमले ते आबांना सांगितले. १६२८ साली रुबेन्स हा चित्रकार स्पेनच्या राजाकडे माद्रिदला आला. वय ५१, युरोपभर नाव गाजलेले, हाताखाली मोठी चित्रशाळा. राजाच्या संग्रहात तिशियन ह्या इटालियन उस्तादाची चित्रे होती आणि तिशियनला जाऊन पन्नासावर वर्षे लोटली होती. एवढ्या मोठ्या रुबेन्सने ती चित्रे समोर मांडून शिकाऊ पोरासारखी एकेक करून उतरवली. पिकासोचे नाव तर आपल्याकडेही ऐकलेले असते. तो सोळा वर्षांचा असताना माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केसने काढलेले राजाचे चित्र उतरवत होता, आणि पुढे १९५७ साली, पंचाहत्तरी गाठल्यावर, त्याच वेलास्केसच्या एका चित्राला धरून त्याने एका मालिकेत ५८ चित्रे केली. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत मुलींना १८९७ पर्यंत प्रवेशच नव्हता. लूव्र संग्रहालय मात्र १७९३ पासून उघडे होते. शाळेने ज्यांना दार लावले त्या बायका परवाना काढून लूव्रमध्ये चित्रांपुढे ईझल मांडून बसल्या आणि तिथे शिकल्या. आजही लूव्रमध्ये चित्र उतरवता येते. नियम दोन महत्त्वाचे. नक्कल मूळ चित्राच्या मापाची असता कामा नये, आणि मूळ चित्रकाराची सही उतरवायची नाही. चोरी आणि कित्ता ह्यांच्यामधली रेघ ती हीच.

आबांनी ऐकून घेतले, पण मान हलवली नाही. मग त्या चित्रातल्या माणसाची गोष्ट सांगितली, तेव्हा मात्र ते सरसावून बसले. ती इथेही सविस्तरच सांगतो.

हुआन दे पारेहा हा दक्षिण स्पेनमधल्या अंतेकेरा गावचा, जन्म १६०८ च्या सुमाराचा, आफ्रिकी वंशाचा. तो वेलास्केसचा गुलाम होता. नोकर नव्हे, गुलाम, मालकीचा. त्या काळी स्पेनमध्ये कारागिरांच्या घरी आणि चित्रशाळांत गुलाम असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. पालोमिनो नावाच्या स्पॅनिश लेखकाने १७२४ साली चित्रकारांची चरित्रे छापली, त्यात तो लिहितो की पारेहाला रंग कुटायची आणि कॅनव्हास तयार करायची एवढीच मुभा होती. कुंचला हातात धरायचा नाही. कलेच्या इभ्रतीला बाध येतो म्हणून. वाचकांना ह्यातले काय ते वेगळे सांगायला नको.

आता रंग कुटणे म्हणजे काय, तेही समजून घेतले पाहिजे. तेव्हा ट्यूब नव्हती. गेरू, पिवळी माती, काजळी, शिसे गंजवून केलेला पांढरा, अशी एकेक भुकटी दगडी फरशीवर घ्यायची, त्यात जवसाचे तेल घालायचे आणि दगडी बत्त्याने मऊ लोण्यासारखी होईपर्यंत घोटायची. तेल कमी झाले तर रंग कोरडा, जास्त झाले तर पाघळतो. कोणता रंग किती लागतो, कोणता लवकर वाळतो, मालक आज काय मागणार आणि कशानंतर मागणार, हे सगळे त्या घोटणाऱ्याला पाठ. म्हणजे कुंचला सोडून सगळी विद्या त्याच्या हातात होती.

वेलास्केस १६४९ साली राजासाठी चित्रे आणि पुतळे खरेदी करायला इटलीला निघाला. बरोबर पारेहा. रोममध्ये पोप दहावा इनोसंट ह्याचे चित्र काढायचे होते. त्याआधी हात मोकळा व्हावा म्हणून त्याने १६५० मध्ये पारेहाला समोर बसवून त्याचे चित्र काढले. पालोमिनो सांगतो की ते चित्र खुद्द पारेहाच्याच हाती देऊन वेलास्केसने ते मित्रांकडे दाखवायला पाठवले. मंडळी एकदा चित्राकडे बघत, एकदा पारेहाकडे, आणि बोलायचे कुणाशी, उत्तर कोण देणार, हेच त्यांना कळेना. त्या वर्षी १९ मार्चला रोमच्या पँथिऑनमध्ये ते चित्र लोकांसमोर मांडले गेले आणि देशोदेशीच्या चित्रकारांनी तोंडात बोटे घातली.

चित्रात कंबरेपर्यंतचा माणूस आहे. अंग थोडे वळलेले, मान आपल्याकडे. राखाडी-हिरवट कपडा, खांद्यावर गडद झगा, रुंद पांढरी कॉलर, एक हात पोटावरून आडवा घेतलेला. मागे काही नाही, नुसती करड्या रंगाची भिंत म्हणावी तर भिंत. आणि नजर. ती नजर खाली नाही, वरही नाही, आपल्या नजरेच्या बरोबरीने आहे. ज्या दिवशी हे चित्र झाले त्या दिवशी तो माणूस कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होता.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला वेलास्केसने रोममध्येच त्याच्या सुटकेच्या कागदावर सही केली. तो कागद रोममध्येच राहिला आणि १९८३ साली एका विदुषीने तो छापून उजेडात आणला. त्यात अट आहे: आणखी चार वर्षे सेवा करायची, मधे पळून जायचे नाही, गुन्हा करायचा नाही. पालोमिनोची गोष्ट मात्र वेगळी आणि जास्त रंगतदार आहे. तो म्हणतो, पारेहा रात्री लपून चित्रे काढायला शिकला, एक चित्र मुद्दाम भिंतीकडे तोंड करून ठेवले, राजाने ते उलटून पाहिले आणि एवढे कसब असलेला माणूस गुलाम राहू शकत नाही असे म्हणाला. गोष्ट चांगली आहे. पण आमचा कल कागदाकडे. राजाच्या मोठ्या मनाने सगळे झाले असे म्हटले की पारेहाच्या वीस-पंचवीस वर्षांच्या घोटण्या-गिरवण्याला किंमत उरत नाही.

आबा एवढेच म्हणाले, “चार वर्षं आणखी? सही करून?” आणि दुसऱ्या दिवशी पोरीला कॅनव्हाससाठी लाकडी चौकट त्यांनीच ठोकून दिली.

आता कित्ता कसा गिरवला ते सांगतो, कारण आणखी कुणाच्या घरी असे पोर असेल. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. १९७० साली लंडनच्या लिलावात ते २३ लाख पौंडांवर विकले गेले. दहा लाख पौंडांच्या वर गेलेले ते पहिलेच चित्र. आपल्याला तिथे जाणे नको. त्या संग्रहालयाने २०१७ पासून अशा जुन्या चित्रांचे मोठे, स्वच्छ फोटो सर्वांना फुकट खुले केले आहेत. मोबाईलवर उतरवून फोटोच्या दुकानातून छापून घेता येतात. मूळ चित्र सुमारे ८१ सेंटीमीटर उंच आणि ७० रुंद. पोरीने निम्म्या मापाचा कॅनव्हास घेतला आणि छाप त्याच मापाचा काढला. दोन्ही शेजारी उभे केले की नजर सरळ इकडून तिकडे जाते, मनात गुणाकार करावा लागत नाही.

पेटीचा खर्च वाया गेला म्हणून ती हळहळत होती. सरांनी पाच ट्यूब बाजूला काढल्या: पांढरा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि आयव्हरी ब्लॅक. बाकीची पेटी कपाटावर. आम्हा बी.कॉम.वाल्यांना हा हिशेब फार आवडला. वेलास्केसही मोजक्याच रंगांवर भागवायचा, त्यातले बरेचसे नुसते मातीचे. पिवळी माती आणि गेरू, ज्यांनी आपल्या आजीने भिंती सारवल्या असतील. नवीन सुरुवात करणाऱ्याने पेटी घेऊच नये, ह्या पाचच सुट्या घ्याव्यात आणि पांढरी ट्यूब मोठी घ्यावी, ती सर्वांत आधी संपते.

पांढऱ्याफेक कॅनव्हासवर डोळा फसतो, कुठलाही रंग त्यावर काळा वाटतो. म्हणून आधी अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासला आणि फडक्याने पुसून घेतला. त्यावर चौकोन पाडले, तेवढेच चौकोन छापावर प्लास्टिकचा पारदर्शक कागद ठेवून पाडले, आणि एकेका चौकोनातली रेघ जागच्या जागी आणली. मग पुन्हा नुसत्या अंबरने उजेड-सावली. सावलीत रंग लावायचा, उजेडात फडक्याने पुसून काढायचा. हे वाळायला चार-पाच दिवस. तैलरंगाला घाई चालत नाही. खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, नाहीतर वरचा आधी आवळतो आणि पुढे तडे जातात.

इथे आयांसाठी एक गोष्ट. एका खोलीच्या घरात टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी हवी, स्टोव्ह-गॅस बंद हवा आणि तान्हे मूल दुसरीकडे. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकून ठेवू नयेत. ते आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून बाहेर टाकावेत. जेवणाआधी हात साबणाने धुवावेत हे सांगायला नको, पण पोरे विसरतात.

खरे शिक्षण रंग लावताना झाले. तिने पहिल्या आठवड्यात कॉलरची एकेक किनार काढली, आणि कॉलर प्लास्टिकची दिसायला लागली. सरांनी छाप दोन हात लांब धरायला लावला आणि डोळे किलकिले करून बघ म्हणाले. तेव्हा दिसले की पांढरी कॉलर बहुतेक राखाडीच आहे, अगदी पांढरा रंग फार थोड्या ठिकाणी, आणि तोही नुसता टेकवलेला. जवळून पाहावे तर फराटे, लांब गेले की कापड. झग्याची कड तिने सुरीने कापल्यासारखी काढली होती. वेलास्केसने ती ठिकठिकाणी मागच्या अंधारात मिसळू दिली आहे, म्हणून माणूस हवेत उभा वाटतो, चिकटवलेला वाटत नाही. ही गोष्ट पुस्तकात वाचून समजते, पण हाताला समजायला तिला तीन वेळा खरवडावे लागले.

आणि कातडी. तिची सगळी धडपड ज्यासाठी होती ती. सावळा चेहरा म्हणजे तपकिरीत काळा, असे तिला वाटत होते. उतरवू लागल्यावर लक्षात आले की सावलीत काळा जवळजवळ नाहीच, पातळ ऊबदार तपकिरी आहे, खालचा थर दिसू देणारा. गालावर लालसर माती. दाढीच्या कडेला काळ्या-पिवळ्याच्या मिश्रणाने येतो तसा किंचित हिरवट. आणि कपाळावर उजेड. तो उजेड ठळक आहे, जाड रंगाचा आहे आणि थोडा थंड आहे, कारण सावळ्या कातडीवर उजेड आरशासारखा चमकतो. तिने पहिल्या वेळी सगळ्या चेहऱ्यातच पांढरा मिसळला होता. तेव्हा चेहऱ्याला राख फासल्यासारखे झाले. पांढरा फक्त कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर ठेवला, तसा तोच चेहरा जिवंत झाला. त्या संध्याकाळी ती आमच्या घरी येऊन म्हणाली, “काका, उजळ करणं वेगळं आणि उजेड पाडणं वेगळं.” आम्ही आजवर बरीच भाषणे केली आहेत, एवढे नेमके वाक्य आम्हाला कधी सुचलेले नाही.

छापावरून एक मात्र शिकता येत नाही, रंगाची जाडी. त्यासाठी खरे तैलचित्र बघावे लागते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली युरोपीय तैलचित्रे आहेत. एका रविवारी आम्ही चार-पाच मुलांना घेऊन तिथे गेलो. चित्रासमोर सरळ उभे न राहता बाजूने तिरपे बघायचे, म्हणजे उजेडाचा रंग उंच आणि सावलीचा सपाट असतो तो दिसतो. आमचा धाकटा त्यात पहारेकऱ्याची दोन वेळा बोलणी खाऊन आला.

पारेहाचे पुढे काय झाले, हे पोरीने विचारले तेव्हा आम्ही पुन्हा वाचनालयात. तो चित्रकार झाला. १६६१ सालचे त्याचे एक मोठे चित्र प्रादो संग्रहालयात आहे, सव्वादोन मीटर उंच आणि सव्वातीन मीटर रुंद. येशू मॅथ्यू ह्या शिष्याला बोलावतो, असा विषय. डाव्या कडेला पारेहाने स्वतःला उभे केले आहे, आपल्याकडे बघणारा, हातात कागद, कागदावर स्वतःची सही. आबांच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते: एवढी वर्षे वेलास्केसजवळ काढूनही हे चित्र वेलास्केससारखे नाही. रंग जास्त भडक, मांडणी जास्त भरगच्च, माद्रिदच्या त्या वेळच्या इतर चित्रकारांच्या जवळची. कित्ता एकाचा गिरवला आणि अक्षर आपले काढले.

पण त्याच चित्रात एक गोष्ट खुपते. मालकाने काढलेला पारेहा जितका सावळा, तितका पारेहाने काढलेला पारेहा नाही. स्वतःला त्याने उजळ केले आहे, नाकडोळेही युरोपीय वळणाचे. जाणकारांनी ह्यावर बरेच लिहिले आहे. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. ज्या गावात सावळा रंग म्हणजे विकत घेतलेला माणूस, तिथे सुटून आलेल्या माणसाने आरशात बघताना काय बघितले असेल, हे आपल्या घरातल्या लग्नाच्या फोटोंवर पावडर थापून घेणाऱ्यांनी तरी विचारू नये. आम्हीही विचारत नाही.

पारेहाला पुढे लोक विसरले. त्याची आठवण ज्यांनी जागी ठेवली त्यांत एक आर्तुरो शॉमबर्ग, आमच्यासारखाच कारकून. पोर्तो रिकोमध्ये १८७४ साली जन्मलेला हा काळा माणूस न्यूयॉर्कच्या एका बँकेत टपाल सांभाळायचा आणि पगारातून आफ्रिकी वंशाच्या लोकांची पुस्तके, कागद, चित्रे जमवायचा. १९२६ साली हा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाचनालयासाठी दहा हजार डॉलरला घेतला गेला. त्यानंतर शॉमबर्ग समुद्र ओलांडून स्पेनला गेला आणि पारेहाच्या चित्रासमोर जाऊन बसला. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०२३ साली पारेहावर प्रदर्शन भरवले, त्यात शॉमबर्गलाही मानाची जागा होती. टपालखात्यातल्या कारकुनाची नोंद एवढ्या मोठ्या भिंतीवर झाली, हे लिहिताना आम्हाला किती बरे वाटले ते आमचे आम्हाला माहीत.

पोरीने आपला कित्ता संपवला आणि मागच्या बाजूला लिहिले, ‘वेलास्केसवरून’, खाली तारीख आणि आपले नाव. असे लिहिलेच पाहिजे. मग ती त्या आईच्या चित्राकडे वळली. ओळखपत्राच्या फोटोत फ्लॅशने सगळा चेहरा सपाट केलेला, सावली नावाला नाही. तिने त्या गृहस्थांना विचारले, आईची बहीण आहे का कुणी? होती, भांडुपला. त्या मावशींना दोन दुपारी खिडकीपाशी बसवून तिने नुसते रंग टिपून घेतले: कपाळावर काय होते, गळ्याशी काय होते, गालाचे हाड जिथे वळते तिथे काय होते. ठेवण फोटोतली, कातडी मावशींची, आणि उजेड एका बाजूने, जसा पारेहावर आहे तसा. फ्लेश टिंटची ट्यूब उघडलीच नाही.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी गृहस्थ चित्र न्यायला आले तेव्हा आम्ही तिथे होतो. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “आईच आहे. पण उजळ करायचं सांगितलं होतं.” पोरगी गप्प. मावशी बरोबर आल्या होत्या, त्या म्हणाल्या, “नाक्यावर तीस वर्षं भाजी विकली तिनं उन्हात. उजळ कुठनं व्हायची?” गृहस्थांनी ठरलेले पैसे दिले, एक रुपया कमी नाही. चित्र रिक्षात घालताना मात्र त्यांनी पुन्हा विचारले की वाळल्यावर रंग जरा निवळतो का. निवळत नाही, असे तिने सांगितले. वॉर्निश मात्र सहा महिने तरी लावायचे नाही, तोवर भिंतीवर धूर लागणार नाही अशा जागी ठेवा, एवढे बजावले.

आता सरांचे म्हणणे आहे की कित्ता पुरे, जिवंत माणूस बसव. वेलास्केसचा गुरू पाचेको ह्याने लिहून ठेवले आहे की वेलास्केस पोरसवदा असताना एका खेड्यातल्या मुलाला पैसे देऊन बसवायचा, त्याला कधी हसायला लावायचा, कधी रडायला, आणि ते काढायचा. आमच्या पोरीकडे पैसे देऊन बसवायला कुणी नाही. म्हणून रविवारी सकाळी नऊ ते अकरा आबा खिडकीत बसतात. पहिली पंधरा मिनिटे ताठ असतात, मग डुलकी लागते. पोरगी म्हणते चालेल, झोपलेल्या माणसाची कपाळाची रेघ हलत नाही.